आईच्या साडीचे काय करायचे?

घरातले वडीलधारे माणूस गेले, की त्याच्यामागे राहिलेल्या बहुतेक वस्तूंना काही ना काही वाट सापडते. दागिने तोलून वाटता येतात. बँकेच्या पुस्तकावर वारसाचे नाव असते. भांडीकुंडी वापरात जातात. गाडी अडते ती कपड्यांपाशी. रोजच्या सुती साड्या कुणा गरजूला देता येतात, नाही तर बोहारणीच्या पाटीत टाकून त्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले घेता येते. पण लग्नातला शालू, पहिल्या दिवाळीची पैठणी, मंगळागौरीला घेतलेली जरीकाठी यांचे काय करायचे? त्या नेसायच्या तर जुन्या झालेल्या असतात, आणि द्यायच्या तर हात पुढे होत नाही. मग त्या मलमलच्या फडक्यात बांधून पुन्हा ट्रंकेत जातात आणि तिथेच हळूहळू विरतात.

थंड देशांत हाच प्रश्न आजीच्या फरच्या कोटाच्या रूपाने उभा राहतो. मिंकचा किंवा कोल्ह्याच्या कातड्याचा कोट ही तिकडे एके काळी श्रीमंतीची खूण होती. १९८०च्या दशकात प्राणिमित्रांच्या मोहिमांनी जोर धरला आणि असा कोट अंगावर घालून रस्त्याने जाणे अनेकींना अवघड वाटू लागले. नातींना तो घालवेना आणि फेकवेनाही. त्यातून त्यांनी मार्ग काढला. कोट उसवून त्याची उशी शिवायची, गुडघ्यावर घ्यायचे पांघरूण करायचे, नाही तर नातवंडांसाठी टेडी बेअर करायचे. आजी कोटाच्या रूपाने घरातच राहते, फक्त कपाटातून बाहेर येते.

म्हैसूरलाही कातड्यांचा एक इतिहास आहे. इथल्या व्हॅन इंगेन कुटुंबाच्या कारखान्यात विसाव्या शतकातला बराच काळ राजेरजवाड्यांनी आणि इंग्रज साहेबांनी मारलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी कमावून, जिवंत वाटावीत अशी तयार होत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हा व्यवसाय ओसरत गेला. एखाद्या घरात पणजोबांच्या काळचे असे कातडे अजून असलेच, तर त्याला हौसेने कात्री लावू नये की ते कुणाला विकू नये. त्यासाठी वनखात्याचे मालकीचे प्रमाणपत्र लागते आणि काहीही करण्याआधी त्या खात्यालाच विचारावे लागते.

पण म्हैसूरच्या बहुतेक घरांतला ठेवा कातड्याचा नसतो, रेशमाचा असतो.

बारा हात रेशीम

म्हैसूरच्या मानंदवाडी रस्त्यावरचा रेशमी कापडाचा कारखाना १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत सुरू झाला. त्यासाठी स्वित्झर्लंडहून ३२ माग आणले होते. रेशमाचे किडे पोसण्याचा उद्योग या मुलखात त्याहून जुना, टिपू सुलतानाच्या काळापासूनचा. स्वातंत्र्यानंतर कारखाना राज्य सरकारकडे आला आणि १९८०मध्ये कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे सोपवला गेला. म्हैसूर सिल्क या नावाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले.

या साडीचे वैशिष्ट्य तिच्या साधेपणात आहे. पैठणीसारखे मोर तिच्यावर नसतात की बनारसीसारखे भरगच्च बुट्टे नसतात. एकरंगी अंग, जरीचे काठ आणि जरीचा पदर एवढाच थाट. पण हातात घेतली की ती पाण्यासारखी ओघळते. याचे कारण धाग्याच्या पिळात आहे. क्रेपच्या विणकामात धाग्याला भरपूर पीळ देतात आणि उजव्या पिळाचे व डाव्या पिळाचे धागे आलटून पालटून विणतात. मग कापड उकळून रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढून टाकतात. डिंक गेला की दाबून ठेवलेला पीळ मोकळा होतो आणि कापडावर ती ओळखीची बारीक सुरकुती उठते. जर चांदीची असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो.

म्हैसूरच्या एका मराठी घरात अशीच एक साडी होती. डाळिंबी अंगाची, हिरव्या काठांची. घरातली आई कोल्हापूरकडची. लग्न होऊन ती इकडे आली, तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. १९७१ सालच्या दसऱ्याला अप्पांनी पगारातून साठवलेल्या पैशांत ही साडी घेतली. राज्याचे नाव तेव्हा अजून म्हैसूरच होते. कर्नाटक हे नाव दोन वर्षांनी, १९७३ साली आले. त्या दसऱ्याला जंबू सवारी बघायला आई ही साडी नेसून गेली, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक विजयादशमीला तीच साडी निघू लागली. घरातल्या तीन मुलांच्या आठवणीत दसरा म्हणजे हत्ती, झेंडूच्या माळा आणि आईचा डाळिंबी पदर.

उलगडताना

एका आषाढात आई गेली. थोरली मुलगी पुण्याला, धाकटी हुबळीला. म्हैसूरच्या घरात अप्पा, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. आईच्या शेवटच्या तीन वर्षांत तिचे सगळे सुनेनेच केले होते. पण सून स्वभावाने अबोल, आणि केलेल्या गोष्टी बोलून दाखवायची या घरात पद्धत नव्हती.

वर्षश्राद्धाला दोघी बहिणी आल्या. विधी पार पडला, पाहुणे पांगले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आईची ट्रंक उघडली. इतर साड्यांची वाटणी अर्ध्या तासात झाली. डाळिंबी साडी मात्र कुणी उचलेना.

भाऊ व्यवहारी. तो म्हणाला, "नुसती ठेवून काय करायचं? पेठेत जुनी जर घेणारे आहेत. वजनावर पैसे देतात. येतील त्यात भर घालून आईच्या नावानं अन्नदान करू."

त्याचे म्हणणे वाईट नव्हते. खऱ्या जरीच्या जुन्या साड्या घेणारे व्यापारी गावोगाव असतात. ते काठ-पदर जाळून, राख शोधून त्यातली चांदी काढतात. रेशमाची किंमत त्यांच्या लेखी शून्य असते. पण "जाळतात" हा शब्द त्या खोलीत उच्चारला गेला आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. वर्षापूर्वी या घराने तेही पाहिलेच होते.

थोरली म्हणाली, "साडी अखंड राहिली पाहिजे. मी नेते. वर्षातून एकदा नेसेन."

लगेच नेसून बघावी म्हणून ती आतल्या खोलीत गेली. घडी उलगडताना बारीक चरचर आवाज झाला. कापड घडीवर फाटले होते. एकाच ठिकाणी नव्हे, तर प्रत्येक घडीच्या रेषेवर थोडे थोडे. तरी तिने ती कमरेला खोचली, पदर घेतला आणि निऱ्या घालू लागली, तर कापड पुरेना. सात निऱ्यांची साडी चार निऱ्यांत संपली. तिने आत खोचलेले टोक ओढून पाहिले. तिथे मूळची किनार नव्हती. कात्रीने सरळ कापून हातशिलाईने दुमडलेली कड होती.

ती तशीच बाहेर आली. टेप घेऊन मोजले. बारा हातांची साडी साडेदहा हात भरली.

"ही कापली कुणी?" तिने विचारले. बघत होती ती भावजयीकडे.

सून काही बोलली नाही.

"आणि या घड्या? तीन वर्षं ट्रंक तुझ्याच ताब्यात होती ना? एकदा हवा दाखवायला काय झालं होतं?"

तरीही सून गप्प. अशा वेळी गप्प बसणे हा कबुलीजबाबच धरला जातो. धाकटीने बहिणीचा हात धरला. भावाने विषय बदलायचा प्रयत्न केला आणि तो साधला नाही. सून उठून चहा टाकायला गेली. दीड हात कापडापायी त्या घरातली तीस वर्षांची माया एका दुपारी पणाला लागली होती.

मग आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले अप्पा म्हणाले, "माळ्यावरून बाहुल्यांची पेटी काढा."

राजा-राणीचा पोशाख

म्हैसूरला नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात. पायऱ्या पायऱ्यांची मांडणी करून देवदेवता, वाणी, वाजंत्री, लग्नाची वरात, गावातला बाजार असे सगळे मातीचे-लाकडाचे जग नऊ दिवस नांदते. या मांडणीत मानाची जागा असते ती पट्टद गोंबे नावाच्या लाकडी जोडीची, म्हणजे राजा आणि राणी यांची. लग्नात माहेरहून मुलीला ही जोडी देण्याची इथे रीत आहे. दर वर्षी ती बाहेर काढायची, तिला रेशमी वस्त्रे नेसवायची, दागिने घालायचे आणि मगच बाकीच्या बाहुल्या मांडायच्या.

कोल्हापूरहून आलेल्या आईला अशी जोडी माहेरहून कुठली मिळणार? ती तिला तिच्या सासूने पहिल्या दसऱ्याला घेऊन दिली होती. गौरी-गणपती करणाऱ्या त्या घरात आईने हा म्हैसूरचा सण इतक्या आवडीने आपला केला, की शेजारच्या कानडी बायका तिची मांडणी बघायला येत. सुतकाचे वर्ष म्हणून गेल्या नवरात्रात मात्र बाहुल्या मांडल्या नव्हत्या. पेटी वर्षभर माळ्यावरच होती.

पेटी खाली आली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती जोडी बाहेर निघाली आणि थोरली बघतच राहिली. राणीच्या अंगावर डाळिंबी साडी होती. राजाच्या खांद्यावर त्याच कापडाचे उपरणे होते. साडी आडवी कापली की पट्टीच्या दोन्ही टोकांना काठ येतो. राणीच्या चिमुकल्या साडीचा तोच जरीचा पदर झाला होता आणि दुसऱ्या टोकाचा काठ राजाच्या उपरण्याला आला होता. शिलाई आईची होती. तिचा धावदोरा दोन्ही मुलींनी लहानपणापासून पाहिलेला.

पेटीच्या तळाशी आधीचे दोन पोशाखही होते. रंग तोच, शिलाई तीच.

"तीन वेळा कापली तिनं," अप्पा म्हणाले. "दर वेळी अर्धा हात. घडीवर फाटायला लागली तेव्हापासून. म्हणायची, आता ही मला नेसवत नाही, हिला तरी नेसू दे."

तिसऱ्या वेळी आईचा हात थरथरत होता. कापड ताणून धरले होते सुनेने. त्या दिवशी आईने तिला सांगितले होते, "थोरलीला बोलू नकोस हो. तिला ती साडी अखंड हवी आहे, मला माहीत आहे. ऐकलं तर वाईट वाटेल तिला."

सुनेने दिलेला शब्द पाळला होता. सासू गेल्यावरही, आणि स्वतःवर आळ आला तरीही.

थोरली स्वयंपाकघरात गेली. बोलणे काय झाले ते बाहेर कुणाला ऐकू आले नाही. चहा घेऊन दोघी मिळून बाहेर आल्या, तेव्हा चहा पार निवला होता आणि तो सगळ्यांनी तसाच घेतला.

घड्या का फाटतात?

घड्यांबद्दल सुनेला दोष देण्यातही अर्थ नव्हता. रेशीम हे प्रथिन आहे. आपल्या केसांसारखेच ते काळाने कोरडे आणि ठिसूळ होते. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले, तर त्या रेषेवर धागे तुटतात. काठाजवळ हे अधिक होते, कारण जरीत धातूची चपटी तार असते आणि घडीच्या दाबाने ती शेजारच्या रेशमाला कापत जाते. उन्हाने रंग उडतो आणि धागाही कमजोर होतो. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटून राहिल्या तर जर काळवंडते. म्हणून अशी साडी धुतलेल्या मऊ सुती फडक्यात गुंडाळावी, दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, सावलीत वारा द्यावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. त्याहून चांगले म्हणजे पुठ्ठ्याच्या नळीवर सुती कापड लपेटून त्यावर साडी गुंडाळून ठेवावी. घडीच पडली नाही तर घडीवर फाटण्याचा प्रश्न उरत नाही.

एवढे करूनही रेशीम अमर होत नाही. पन्नास वर्षे नेसलेल्या साडीला कधी तरी थकायचेच असते. ती थकल्यावर अखंड ठेवण्याचा हट्ट धरायचा, की तिच्यातले धडधाकट कापड वेळेवर काढून घ्यायचे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या जुन्या बायकांनी त्याचे उत्तर कधीच देऊन ठेवले होते. आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे, जरीच्या पदराची कुंची, काठाची पिशवी, उरलेल्या चिंध्यांची गोधडी. बाळंतविड्यातली कुंची ही बऱ्याच घरांत आजीच्या किंवा पणजीच्या साडीचीच असे. कर्नाटकातही जुन्या साड्यांची कौदी शिवतात, आणि हल्याळ-यल्लापूरच्या बाजूच्या सिद्दी स्त्रियांच्या गोधड्या तर आता दूरदूर जातात. तिथे कापडाला कात्री लागली म्हणून कुणी रडत नाही, कारण कापड संपलेले नसते, त्याने फक्त काम बदललेले असते.

कात्री लावण्याआधी

त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून साडी पसरली. आधी साडीचा पूर्ण लांबीचा फोटो काढला, कारण कापल्यावर ती पुन्हा तशी दिसणार नव्हती. मग प्रत्येक भाग दोन बोटांत धरून हलकेच ताणून पाहिला. जो ताण सहन करतो तो शिवण्याजोगा. जो लगेच चिरतो तो अंगावर किंवा रोजच्या वापरात घ्यायचा नाही. अशी पारख करूनच कापडाच्या चार वाटण्या झाल्या.

पदराचे दोन हात थोरलीला. तिने त्याची चौकट करायची ठरवली. असे जुने कापड डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवू नये, कारण डिंकाचे डाग पुढे वर येतात. धुतलेल्या सुती कापडावर ते बारीक टाक्यांनी टाचावे आणि काच कापडाला टेकणार नाही एवढी फट ठेवून चौकट करावी. ती चौकट थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये.

मधले अडीच हात धाकटीला. तिच्या मुलीला दिवस गेले होते. त्या कापडाची कुंची आणि छोटे दुपटे होणार होते. क्रेप सरकतो, हातात थांबत नाही. म्हणून त्याला आधी मागून मलमल लावून मोठ्या टाक्यांनी कच्चे शिवावे आणि मगच बेतावे. बाळाच्या अंगाला जर टोचते, म्हणून आतून मऊ सुती अस्तर हवेच. मणी, टिकल्या, पिना तर मुळीच नकोत. कुंची बारशाच्या दिवशी तासभर घालायची आणि मग जपून ठेवायची, पुढच्या बाळासाठी.

घड्यांवर विरलेले दोन हात कापड कशाच्याच कामाचे नव्हते. ते आईच्याच दोन सुती साड्यांच्या मध्ये घालून अप्पांसाठी गोधडी शिवायचे ठरले. ते कापड वरून दिसणार नव्हते. पण आत काय आहे हे अप्पांना ठाऊक असणार होते. टाके घालायला दोघी बहिणी आणि भावजय तिघी बसल्या. गोधडीचे हेच बरे असते, की ती एकटीने शिवायला आठवडे लागतात आणि तिघींनी शिवली तर गप्पांत संपते. त्या तीन दिवसांत आईच्या आजारपणाच्या कितीतरी गोष्टी दोन्ही मुलींना पहिल्यांदा कळल्या. रात्री दोनला तिला चकलीची इच्छा कशी व्हायची, कोल्हापुरी तांबडा रस्सा ती शेवटपर्यंत कशी मागत होती, आणि शेवटच्या महिन्यात ती सुनेलाच "ताई" म्हणून कशी हाक मारू लागली होती. फोनवर या गोष्टी कधी निघाल्या नव्हत्या. फोनवर "आई कशी आहे?" एवढेच विचारले जाते आणि "बरी आहे" एवढेच उत्तर येते.

प्रत्येक वस्तूच्या मागे सुती पट्टीवर दोऱ्याने आईचे नाव आणि "१९७१, म्हैसूर" एवढे भरले. ही छोटी गोष्ट आहे, पण विसरू नये. ज्या वस्तूची हकीकत सांगणारे कुणी उरत नाही, ती तिसऱ्या पिढीत जुने कापड म्हणून टाकली जाते.

उरलेले चार हात

राहिले चार हात धड कापड आणि बाहुल्यांची जोडी. रीत अशी, की ही जोडी आईकडून मुलीकडे जाते. त्या हिशेबाने तिच्यावर थोरलीचा हक्क होता. भावानेही तसेच म्हटले. थोरलीने जोडी फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, वर चार हात कापडाची गुंडाळी ठेवली आणि पेटी भावजयीच्या हातात दिली.

"माझ्याकडे पुण्याला कोण मांडतंय?" ती म्हणाली. "आणि आईनं शेवटचं कापड कापलं तेव्हा धरलं कुणी होतं?"

घरोघरी आईच्या मागे वाटणी होते, तेव्हा मुली आणि मुलगे मोजले जातात. जिने दुखणे काढले ती सून या मोजणीत क्वचितच येते. तिला दागिन्यातले काही मिळालेच, तर ते नवऱ्याच्या वाट्यातून. कायद्याने तसे असेल, पण घर काही नुसते कायद्याने चालत नाही. आठवणीची वस्तू कुणाला द्यायची हे ठरवताना "नात्याने जवळचे कोण?" एवढेच विचारून भागत नाही. "शेवटी जवळ कोण होते?" हेही विचारावे लागते. कधी कधी या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येतात, आणि तेव्हा मोठेपणा कुणी तरी दाखवावा लागतो.

भावाने जरीच्या पैशांतून करायचे म्हटलेले अन्नदान त्याने आपल्या खिशातून केले. ते कुणी त्याला सांगितले नव्हते.

पुढे तीन महिन्यांनी नवरात्र आले. दोन वर्षांनी पायऱ्या लागल्या, म्हैसूरच्या रस्त्यांवर दिव्यांची रोषणाई झाली आणि आदल्या संध्याकाळी सून पेटी उघडून बसली. जुना पोशाख अजून चांगला होता. पण नातीला नवा हवा होता, तिला स्वतः शिवायचा होता. सुनेने चार हातांच्या गुंडाळीतून अर्धा हात मोजला. कात्री नातीच्या हातात दिली आणि स्वतः कापड ताणून धरले.

नातीचे टाके वाकडे पडले. राणीची साडी एका बाजूने वर उचलली गेली. तरी ती तशीच नेसवून जोडी सर्वांत वरच्या पायरीवर बसवली.

"आई, आता किती पोशाख होतील गं यातून?" नातीने विचारले.

"अजून सात."

"आणि ते संपल्यावर?"

सुनेच्या लग्नातली साडीही म्हैसूर सिल्कच होती. मोरपंखी. अजून एकाही घडीवर विरलेली नाही. तिने कपाटाकडे पाहिले आणि म्हणाली, "तोवर तुझे टाके सरळ यायला लागतील. मग बघू."